बत्तीस दातांचे नाते

उपवन तलावाच्या मागे येऊरचा डोंगर सुरू होतो आणि तिथली लाल तोंडाची माकडे अधूनमधून आमच्या इमारतीच्या गच्चीपर्यंत येतात. गेल्या रविवारी पाण्याच्या टाकीवर एक मादी गालांच्या पिशव्यांत कोंबलेले शेंगदाणे सावकाश चघळत बसली होती. भाचीने विचारले, "मामा, आपण हिच्यापासूनच झालो ना?"

'नाही' हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. आजचे कोणतेही माकड आपले पूर्वज नाही. परंतु या माकडांची शाखा आणि कपी (गिबन, गोरिला, चिंपांझी असे बिनशेपटीचे प्राणी) व मानव यांची शाखा एकाच पूर्वजापासून सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी फुटल्या. अमेरिका खंडातील माकडे त्याआधीच, सुमारे 4 कोटी वर्षांपूर्वी, वेगळी झाली होती. म्हणजे टाकीवरची मादी ब्राझीलच्या कापुचिन माकडापेक्षा माझीच जवळची नातेवाईक ठरते. याचा पुरावा तोंडातच आहे: तिचे दात 32, माझेही 32, कापुचिनचे मात्र 36, कारण त्याला जबड्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात एक उपदाढ जास्त असते.

त्यामुळे 'माकड' हा शब्द इथल्या आणि अमेरिकेतल्या दोन्ही माकडांना लावायचा आणि माणसाला वगळायचे, हे वंशावळीच्या हिशेबात बसत नाही. 'कपी'चेही तेच, कारण चिंपांझी गोरिलाला जितका जवळचा, त्याहून आपल्याला अधिक जवळचा आहे. मराठीने एक भेद मात्र अचूक टिपला आहे, याचे मला कौतुक वाटते: गालात पिशव्या असलेले ते माकड, काळ्या तोंडाचे, पाला पचवण्यासाठी कप्प्याकप्प्यांचे पोट असलेले ते वानर. शास्त्रातही ही एकाच कुळाची दोन उपकुळे आहेत.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने 1758 मध्ये नरवानर गण (प्रायमेट्स) मांडला, तेव्हा त्यात माणसाबरोबर वटवाघळेही होती. ती पुढे वगळली गेली. टार्सियरचे स्थान ठरवणे अधिक अवघड गेले. मोठ्या डोळ्यांचा हा निशाचर प्राणी बराच काळ लेमूर आणि लोरिस यांच्या पंक्तीत बसवला जात असे. परंतु त्याचे नाक त्यांच्यासारखे ओलसर नाही, आणि क जीवनसत्त्व शरीरात तयार करण्याची क्षमता लेमूर-लोरिसांपाशी टिकून असताना टार्सियरने ती आपल्यासारखीच गमावली आहे. म्हणून तो आता आपल्या, म्हणजे माकडे, कपी आणि माणूस यांच्या, बाजूला मोजला जातो. टाकीवरच्या मादीलाही हे जीवनसत्त्व आमच्यासारखे पेरू-आवळ्यांतूनच मिळवावे लागते.