टक्क्याने गिळलेलं वाक्य

प्रबंध मी लाटेक (LaTeX) या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममध्ये लिहीत होते. तिसऱ्या प्रकरणात मी लिहिलं होतं, 'नमुन्यातल्या ६२% नोंदी अपुऱ्या होत्या, म्हणून त्या वगळल्या.' पीडीएफमध्ये उमटलं ते 'नमुन्यातल्या ६२' आणि त्याला चिकटूनच पुढचं वाक्य. एररही आली नाही. मार्गदर्शक सरांनी समासात लाल पेनाने विचारलं, 'बासष्ट काय?'

विषय संख्याशास्त्र, त्यामुळे टक्के पानोपानी. लाटेकमध्ये % आला की तिथून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर ही लिहिणाऱ्याची खाजगी टीप समजली जाते आणि छपाईत येत नाही. टक्का छापायचा असेल तर त्याच्या आधी बॅकस्लॅश (\) हवा. अशी खास चिन्हं दहा आहेत: डॉलर, हॅश, अँपरसँड, अंडरस्कोअर, महिरपी कंस वगैरे. खुद्द बॅकस्लॅशही त्यातलाच, पण तो दोनदा टाकला तर चिन्ह उमटत नाही, ओळ तुटते. हेही मला असंच ठेच लागून कळलं.

(उच्चार 'लेटेक' किंवा 'लाटेक'. शेवटचं अक्षर ग्रीक 'खाय' आहे, त्यामुळे रबराचा लेटेक्स नव्हे.)

साधी टेक्स्ट फाइल लिहायची, ती प्रोग्रामला द्यायची, पीडीएफ घ्यायची. सुरुवातीला डॉक्युमेंटक्लास, म्हणजे लेख, अहवाल की पुस्तक ते सांगायचं. मजकूर बिगिन आणि एंड या दोन आज्ञांच्या मध्ये, आणि बिगिनच्या आधीचा भाग म्हणजे प्रिअँबल. मी पहिले कित्येक दिवस प्रत्येक शीर्षक हाताने ठळक आणि मोठं करत बसले, जुन्या सवयीने. इथे 'हे सेक्शन आहे' एवढंच सांगायचं असतं. आकार, क्रमांक, वर-खालची जागा लाटेक बघून घेतं. नंतर सर म्हणाले, शीर्षकं मधोमध हवीत. प्रिअँबलमध्ये दोन ओळी घातल्या आणि त्रेचाळीस शीर्षकं जागची हलली. त्या दिवशी मी लाटेकची झाले.

आकृत्यांचे क्रमांकही हाताने लिहायचे नाहीत. आकृतीला लेबल द्यायचं आणि मजकुरात क्रमांकाच्या जागी त्या लेबलचा 'रेफ' (ref, म्हणजे संदर्भ) द्यायचा. पहिल्यांदा चालवलं की 'आकृती ??' दिसतं. घाबरू नका, पुन्हा चालवा. पहिल्या फेरीत क्रमांक एका सहायक फाइलमध्ये लिहिले जातात, दुसऱ्या फेरीत तिथून वाचले जातात. मी मात्र ते ?? हाताने खोडून आकडे टाकले होते. मग मध्येच एक आकृती वाढली, आणि पुढचं सांगायला नकोच.

'ओव्हरफुल एचबॉक्स' ही तक्रार रोजची. याचा अर्थ एखादी ओळ समासाबाहेर डोकावते आहे. मी बहुतेकदा वाक्यच थोडं बदलते. ओळी कुठे तोडायच्या हे इथे एकेका ओळीपुरतं ठरत नाही, अख्खा परिच्छेद तोलून ठरतं, म्हणून एक शब्द बदलला तरी वरच्या ओळीसुद्धा सरकतात. हा काटेकोरपणा संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांचा. १९७७ साली स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांना इतकी कुरूप वाटली की त्यांनी अक्षरजुळणीचा प्रोग्रामच लिहायला घेतला. तो टेक. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट या दुसऱ्या संगणकशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात लाटेक रचलं.

मराठीसाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक हे लाटेकचे नवे अवतार वापरा. फॉन्ट निवडताना लिपी देवनागरी आहे हेही सांगावं लागतं. ते राहिलं तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. माझं 'निष्कर्ष' वाचता येत नव्हतं.

त्या % ची आता भीती वाटत नाही. त्याच्या आड मी 'हा आकडा पुन्हा तपास', 'इथे सर हटून बसणार', 'हे वाक्य मलाच पटत नाही' असं बिनधास्त लिहिते. शेवटच्या फाइलमध्ये अशा एकशे अठरा ओळी होत्या. सरांकडे फक्त पीडीएफ गेली.