ट्रॅक डेचे व्हिडिओ ॲपमधून बाहेर काढताना माझा निघालेला घाम

आधी भांडण सांगतो, कारण ते झालं नसतं तर हे व्हिडिओ आजही त्या ॲपमध्येच पडून असते. ट्रॅक डेच्या चौथ्या सेशनला माझा मित्र माझ्या मागे होता, त्याची गाडी माझ्यापेक्षा फास्ट, आणि त्याचं म्हणणं असं की तीन लॅप तो माझ्या बंपरला चिकटून होता तरी मी पॉइंट-बाय दिला नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस, रेस नाही, नवशिक्यांच्या ग्रुपमध्ये सहसा पुढच्याने खिडकीतून हात काढून बाजू दाखवल्याशिवाय (हाच पॉइंट-बाय) मागच्याने ओव्हरटेक करायचं नसतं, आणि तेही सरळ पट्ट्यावरच. त्यामुळे मुद्दाम पॉइंट-बाय न देणं हा तसा गंभीर आरोप आहे. मी म्हटलं दिला होता. तो म्हणाला दाखव. मी म्हटलं दाखवतो की, पाचही सेशन रेकॉर्ड आहेत, घरी गेलो की रात्री पाठवतो.

रात्री कसलं काय, चार दिवस गेले.

माझं सेटअप एकदम साधं आहे. फोन दोन्ही सीटच्या मध्ये, हेडरेस्टच्या दांड्यांना लावलेल्या आडव्या बारवर, म्हणजे स्टेअरिंग, माझे हात आणि समोरचा ट्रॅक सगळं एका फ्रेममध्ये येतं. त्यात एक लॅप टायमर ॲप, जे जीपीएसवरून लॅप टाइम आणि स्पीड मोजतं आणि सोबत व्हिडिओ पण घेतं. सेटिंग १०८०पी, ६० फ्रेम, बिटरेट साधारण ३० एमबीपीएस. त्याचा हिशोब मी आधी केलाच नव्हता, आता करून सांगतो: ३० मेगाबिट म्हणजे सेकंदाला पावणेचार मेगाबाइट, २० मिनिटांचं सेशन म्हणजे साडेचार जीबी. अशी पाच सेशन. आणि फोनमध्ये जागा जेमतेम राहिलेली.

घरी आल्यावर गॅलरी उघडली तर त्यात पॅडॉकमधले, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथले, फोटो सोडून काहीच नाही. पोटात गोळाच आला. ॲप उघडलं तर त्यात पाचही सेशन व्यवस्थित दिसतायत, लॅपची यादी, टाइम, नकाशावर रंगीत रेघ, सगळं. म्हणजे व्हिडिओ आहेत, पण ॲपने ते स्वतःच्या खोलीत कडी लावून ठेवलेत. बरीच ॲप्स असंच करतात आणि त्याला कारणही आहे, गॅलरीतून कोणी चुकून व्हिडिओ उडवला तर ॲपमधला सेशन लंगडा होतो. ठीक आहे, पण मग आधी एक ओळ लिहून सांगा ना बाबा.

मग एक्सपोर्टचं बटण सापडलं. दाबलं, त्याने विचारलं ओव्हरले, म्हणजे व्हिडिओवर छापायचे काटे-आकडे, कुठला पाहिजे, मी हौसेने स्पीडोमीटर, जी-मीटर (वळणात-ब्रेकला बसणारा जोर दाखवणारा), ट्रॅकचा नकाशा, सगळं टिकमार्क केलं आणि पहिलं सेशन लावून जेवायला गेलो. आलो तर २२ टक्के. फोन तव्यासारखा गरम. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे नुसतं कॉपी करत नाहीये, प्रत्येक फ्रेम उघडतंय, त्यावर काटे रंगवतंय आणि परत कॉम्प्रेस करतंय, २० मिनिटांच्या व्हिडिओत अशा ७२ हजार फ्रेम आहेत. मी कंटाळून स्क्रीन बंद केली तर बॅटरी वाचवायच्या नादात फोनने ॲपच झोपवलं आणि काम पहिल्यापासून. दुसऱ्यांदा स्क्रीन चालू ठेवून बसलो, ७३ टक्क्यांवर जागा संपली म्हणून फेल. बरोबरच आहे, तयार होणारी फाईल मूळ फाईलच्या जोडीला वेगळी बनते, तिला जागा कुठून येणार.

आता इथे मी जे करणार होतो ते वाचून हसू नका. मला वाटलं ॲप अडकलंय, काढून परत टाकावं, लॉगिन तर आहेच, सेशन परत येतील. बोट अनइन्स्टॉलवर होतं आणि तेवढ्यात दादाचा फोन आला, माझा मावसभाऊ, व्हिडिओ एडिटिंग करतो. सहज सांगितलं तर तो ओरडलाच, "अरे येड्या, ॲप काढलंस की त्याचा फोल्डर पण जातो, क्लाउडवर फार तर लॅप टाइम असतील तुझे, साडेचार-साडेचार जीबीचे व्हिडिओ कोण फुकट ठेवणार आहे?" खरंच, सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर क्लाउड सिंकमध्ये फक्त सेशन डेटा होता, व्हिडिओ नाही. आणि फोनच्या स्टोरेजमध्ये ॲपच्या नावावर क्लिअर कॅशे आणि क्लिअर डेटा अशी दोन बटणं शेजारी शेजारी असतात, त्यातलं दुसरं दाबलं तरी तोच निकाल लागतो. आयफोनवाल्यांसाठी, तिथे ऑफलोड केलं तर डेटा राहतो, डिलीट केलं तर जातो, दोन्हीत फरक आहे.

दादाने सांगितलं ओव्हरलेचा नाद सोड, आधी मूळ फाइली बाहेर काढ. त्या अँड्रॉइड, मग डेटा, मग ॲपचं लांबलचक नाव, अशा फोल्डरात होत्या. फोनवरच्या फाईल मॅनेजरने तिथे जायचा प्रयत्न केला तर दार बंद, कारण २०२० साली आलेल्या अँड्रॉइड ११ पासून एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या त्या फोल्डरात शिरू देत नाहीत. पण फोन केबलने लॅपटॉपला जोडून फाईल ट्रान्सफर मोड निवडला तर माझ्या फोनचा तोच फोल्डर लॅपटॉपवर सरळ उघडतो. (आयफोनमध्ये फाइल्स ॲपमध्ये ऑन माय आयफोन खाली ॲपचा फोल्डर दिसतो, पण ॲप बनवणाऱ्याने ती सोय ठेवली असेल तरच.)

वाचायला सोपं वाटतं, मला त्यात एक अख्खी संध्याकाळ लागली, आणि कारण ऐकाल तर डोक्याला हात लावाल. लॅपटॉपला फोन दिसतच नव्हता, नुसता चार्ज होत होता. ड्रायव्हर टाकले, पोर्ट बदलले, डेव्हलपर ऑप्शन उघडले, दोन्ही रीस्टार्ट केले. शेवटी कळलं की केबल फक्त चार्जिंगची आहे, तिच्यात डेटाच्या तारा नाहीतच, कुठल्यातरी पॉवर बँकसोबत आलेली. फोनच्या बॉक्समधली केबल शोधून लावली, दोन सेकंदात फोन दिसला. आता त्या नुसत्या चार्जिंगवाल्या केबलवर लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवलीये.

फोल्डरात पाच एमपी४ फाइली, पण नावं काय तर नुसते तेरा आकडे. मला वाटलं काहीतरी गुप्त कोड आहे, तर ती वेळच होती, १ जानेवारी १९७० पासून मोजलेले मिलिसेकंद. आकडा कन्व्हर्टरमध्ये टाकला की सेशन कधी सुरू झालं ते मिळतं, फक्त ते यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत येतं, आपले साडेपाच तास त्यात मिळवायला लागतात. मी लगेच कुठलं सेशन कुठलं ते कागदावर लिहून घेतलं, फायलींची नावं मात्र फोनवर अजिबात बदलली नाहीत, कारण ॲप त्याच नावाने त्यांना शोधतं. नावं बदलायची ती कॉपीची.

कॉपी करताना जवळपास २१ जीबी होते, यूएसबी २ च्या केबलवर सेकंदाला तीसेक एमबी मिळत होते, म्हणजे बारा-तेरा मिनिटं. ओव्हरलेच्या एका सेशनला तासभर घालवूनही हाती काही नाही आणि इथे चहा होईपर्यंत पाचही सेशन लॅपटॉपवर!! मग मित्राला देण्यासाठी पेन ड्राइव्हवर टाकायला गेलो, ३२ जीबीचा, पूर्ण रिकामा, आणि तो म्हणतो फाईल खूप मोठी आहे. जागा आहे, तरी घेत नाही. तो पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला होता, त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, माझ्या फाइली साडेचारच्या. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला आणि गपचूप सगळं घेतलं. फॉरमॅट केल्यावर पेन ड्राइव्हमधलं आधीचं सगळं जातं हे वेगळं सांगायला नको, पण सांगून ठेवतो.

कॉपी झाली म्हणजे झालं असं न समजता प्रत्येक फाईल उघडून शेवटच्या दहा सेकंदांवर नेऊन बघायची असं दादाने बजावलं होतं. पहिली चालली. दुसरी, तिसरी, पाचवी चालली. चौथी उघडेचना. म्हणजे बघा, नेमकी भांडणवाली. साइज २.९ जीबी दाखवते, पण कुठलाच प्लेअर तिला हात लावत नाही.

मग आठवलं, चौथं सेशन दुपारचं, एसी बंद, काचा खाली, मागच्या काचेतून ऊन थेट फोनच्या स्क्रीनवर, वर तो चार्जिंगला. पिटमध्ये आलो तेव्हा फोन गरम होऊन बंद पडलेला होता, मी थंड करून परत चालू केला आणि पाचव्या सेशनला लावला, विसरून गेलो. तर भानगड अशी असते की एमपी४ फाईलमध्ये चित्र-आवाज आधी लिहिलं जातं आणि कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका साधारणपणे रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. फोन मधेच मेला तर पानं सगळी असतात, अनुक्रमणिका नसते, आणि प्लेअर त्याशिवाय पुस्तकच उघडत नाही.

यावर अनट्रंक नावाचं एक फुकट टूल आहे. त्याला त्याच फोनवर, त्याच सेटिंगने घेतलेली एक चांगली फाईल द्यायची, ती बघून ते मोडलेल्या फाईलची अनुक्रमणिका नव्याने बांधतं. मी तिसऱ्या सेशनची फाईल दिली. पहिल्यांदा चुकून दुसऱ्या कॅमेऱ्याची दिली होती, तर हिरवे-जांभळे चौकोन आले नुसते. बरोबर फाईल दिल्यावर आठ-दहा मिनिटांत व्हिडिओ उघडला, १२ मिनिटं ४० सेकंद, आवाजासकट. मी एकटाच खोलीत ओरडलो. आणि हो, हे प्रयोग कॉपीवर करायचे, मूळ मोडकी फाईल तशीच ठेवायची.

यानंतर ॲपमधून सेशन डेटा वेगळा सीएसव्हीमध्ये, म्हणजे आकड्यांच्या साध्या तक्त्याच्या फाईलमध्ये काढला, ते दोन मिनिटांचं काम, आणि खरं सांगायचं तर ते मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, कारण काटे नंतर लॅपटॉपवर पण लावता येतात. उलट तेच बरं पडतं. एकदा ॲपने व्हिडिओत स्पीड छापला की तो हलवता येत नाही, आणि माझ्याकडे तो अर्धा-पाऊण सेकंद उशिरा दिसत होता, ब्रेक दाबला, नाक खाली गेलं तरी काटा वरच. माझ्या फोनचं जीपीएस सेकंदाला एकदाच जागा सांगतं, दीडशेच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ ४२ मीटर जाते, मधलं सगळं ॲप अंदाजाने भरतं. म्हणून लोक १० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा वेळा जागा सांगणारा, बाहेरचा रिसीव्हर लावतात, त्यात तेच अंतर सव्वाचार मीटरवर येतं. मी लॅपटॉपवर डेटा थोडा आधीच्या बाजूला सरकवला आणि जमलं. फक्त एक, फोनच्या व्हिडिओचा फ्रेम रेट एकसारखा नसतो, त्यामुळे सुरुवातीला जुळवलेलं शेवटी शेवटी घसरत जातं, तेव्हा हँडब्रेकमध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून एडिटिंगपुरती एक कॉपी बनवून घेतली (हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर हो, गाडीतला नाही).

आता भांडण. दुरुस्त झालेला व्हिडिओ आम्ही दोघांनी शेजारी बसून बघितला. आरशात त्याची गाडी दिसते, अगदी चिकटलेली, ते मला मान्य करायलाच लागलं. सातव्या लॅपला मोठ्या सरळ पट्ट्यावर येतो, माझा डावा हात स्टेअरिंगवर, उजवा खिडकीकडे निघतो आणि व्हिडिओ संपतो. व्हिडिओची फाईल तिथपर्यंतच लिहिली गेली होती. पण सीएसव्ही अजून ११ सेकंद पुढे आहे, ॲप डेटा दर सेकंदाला लिहून टाकत होतं, त्यामुळे तो वाचला. त्यात सरळ पट्ट्यावर स्पीड १४८, १४१, १३२, १२४, ११९ असा उतरत जातो. म्हटलं बघ, ॲक्सिलरेटर सोडलाय मी, तुला पुढे जाऊ द्यायलाच सोडलाय ना, सरळ रस्त्यावर कोण उगाच सोडतं?

त्याने लॅपटॉपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "गिअर चुकला असणार तुझा."

पुढच्या ट्रॅक डेला तो पण फोन लावणार आहे, मागच्या गाडीतून पुरावा पाहिजे म्हणतो. घरी एक्स्ट्रा केबल आहे का विचारत होता, मी ती लाल चिकटपट्टीवाली देऊन टाकली.