जुन्या जीपचा स्टार्टर नुसता ‘टक्’ करतो तेव्हा

मालवण-वेंगुर्ल्याकडे जुनी जीप ‘टक्’ करून गप्प बसली की आधी बॅटरीच बदलली जाते. थांबा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती चार्ज आहे. संशय अर्थवर, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीवर घ्या. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे स्टार्टरचा सगळा करंट इंजिन आणि चासी (गाडीचा सांगाडा) जोडणाऱ्या धातूच्या पट्टीतूनच परततो. खाऱ्या हवेत नेमका तिच्या बोल्टाखाली गंज धरतो, वरून मात्र सगळं ठाकठीक! पट्टी गेली की करंट अॅक्सिलरेटर केबलमधून वाट काढतो; केबल गरम लागली तर ओळखा.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नको), लाल इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त आलं तर अर्थ खराब.

निगेटिव्ह केबल आधी सोडा. पट्टी आणि चासीची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, नवा स्टार (दातेरी) वॉशर घालून घट्ट आवळा, पेट्रोलियम जेली त्यानंतरच. लगजवळची (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळची) तार आतून हिरवी पडली असेल तर घासत बसू नका, केबलच बदला.