हसायला विनोद लागतोच असे नाही

डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईतील लोखंडवाला परिसरातील एका बागेत अवघ्या पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा तिथली रीत साधी होती: एकाने मध्ये उभे राहून विनोद सांगायचा आणि इतरांनी हसायचे. दोनेक आठवड्यांत चांगल्या विनोदांचा साठा आटला आणि चावट किंवा कोणाला तरी टोचणारे विनोद तेवढे उरले. कटारियांनी मग विनोदच बंद करून नुसते हसायचे ठरवले. सुरुवातीचे ओढूनताणून आणलेले हसू एकमेकांचे चेहरे पाहता पाहता खरे होऊ लागले, आणि तिथून हास्ययोग जगभर गेला.

बागेत हात वर करून ‘हो हो, हा हा हा’ करणाऱ्या ज्येष्ठांकडे पाहून नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. कारण नसताना हसणे म्हणजे खोटेपणा, असा त्यांचा आक्षेप असतो. आपण एरवी सकारण हसतो, हे मात्र त्यांनी गृहीतच धरलेले असते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी सार्वजनिक ठिकाणी सहज कानावर पडलेल्या हसण्याच्या १२०० प्रसंगांची नोंद केली. त्यांतील जेमतेम १० ते २० टक्के प्रसंगांत हसण्याआधी विनोद म्हणता येईल असे काही बोलले गेले होते. बाकीचे हसू ‘बरं, निघतो मी’ किंवा ‘तुम्हाला भेटून बरं वाटलं’ अशा सपक वाक्यांवर उमटले होते, आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा माणूसच अधिक हसत होता. त्यांच्याच दुसऱ्या एका पाहणीत, माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीस पट चारचौघांत हसतो, असे दिसले.

लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचा विषय निघाला की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी कशी हसतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे आकडे नवे वाटणार नाहीत. ‘आमचं काही मागणं नाही हो’ या वाक्यात विनोद कुठेच नसतो; त्यावरचे हसू म्हणजे आपण भांडायला आलेलो नाही, याची परस्परांना दिलेली हमी असते. साहेबांच्या शिळ्या किश्श्यावर कचेरीत उठणारे हसूही याच जातीचे, फक्त त्यात हमीपेक्षा हजेरी जास्त.

या वर्तनाची मुळे माणसाहून जुनी आहेत. गुदगुल्या केल्यावर चिंपांझीही हसतो, पण त्याचा आवाज धापेसारखा, आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या श्वासाशी बांधलेला असतो. माणूस मात्र एकाच उच्छ्वासाचे तुकडे करून त्यातून ‘हा हा हा’ची माळ काढतो. आपणच आपल्याला केलेल्या गुदगुल्यांनी हसू येत नाही, त्याला दुसरे कोणीतरी लागते, हेही इथे ध्यानात घ्यावे.

हास्ययोगाने अमुक रोग बरा होतो, तमुक आटोक्यात येतो, असे सांगणाऱ्यांपासून मी दोन हात दूरच राहतो. सकाळी सहा वाजता वीस माणसे एकमेकांच्या डोळ्यांत पाहून हसतात, एवढी गोष्ट मला त्या क्लबांचे समर्थन करायला पुरते.