सोलापूरचा उन्हाळा आणि बीपीची गोळी

मार्च संपत आला की सोलापुरात पारा चाळिशीकडे सरकतो आणि मेडिकलच्या काउंटरवर एक ठरावीक वाक्य ऐकू येऊ लागतं: "या महिन्यात बीपीची पट्टी नको, उन्हानं बीपी आपोआप उतरलंय." हे निम्मं खरं आहे, म्हणूनच ते पटकन पटतं.

खरं निम्मं आधी. उष्णतेत कातडीकडच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, घामातून पाणी आणि मीठ जातं, त्यामुळे रक्तदाब हिवाळ्यापेक्षा काही अंकांनी खाली येतो. जानेवारीत वरचा आकडा १३६ येत होता आणि मे महिन्यात त्याच गोळीवर १२४ आला, तर त्यात नवल नाही. पण हा १२४ ऊन आणि गोळी यांनी मिळून आणलेला असतो. गोळी काढली तर एकट्या उन्हाला ते काम जमत नाही. त्यातून अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी शरीरात रेंगाळते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. म्हणजे सोमवारी बंद केली तर बुधवारी मोजलेलं बीपीही ठीकच दिसतं, माणूस निर्धास्त होतो, आणि पुढच्या आठवड्यात आकडा पुन्हा वर गेलेला असतो तेव्हा कोणी मोजत नाही. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल आणि क्लोनिडिन यांची गोष्ट याहून वाईट. या एकाएकी तोडल्या तर बीपी किंवा नाडी उसळी मारते आणि हृदयविकार असलेल्याच्या छातीत दुखू शकतं. त्या कमी करायच्या तर टप्प्याटप्प्यानं आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

गोळी बंद करणं चूक, तसंच उन्हाळ्यात चक्कर येत असताना डोस तसाच रेटणंही चूक. यातला मार्ग काढायचा तर आपण नक्की काय खातो ते ठाऊक हवं, आणि इथेच बहुतेकांची पंचाईत होते. "ती गुलाबी, छोटी गोळी" हे उत्तर उपयोगाचं नाही. पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचा. ब्रँडच्या नावापुढची अक्षरं शोभेची नसतात. टेल्मिसार्टन या बीपीच्या औषधाच्या पट्ट्या घ्या. नुसतं '४०' असेल तर बहुधा ते एकटंच. 'एएम' जोडलं असेल तर त्यात अ‍ॅम्लोडिपिनही आहे. 'एच' असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लोक जिला लघवीची गोळी म्हणतात ती. बाकीची अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून अक्षरांवर विसंबू नका, मागचं नावच वाचा. नेहमीची पट्टी नाही म्हणून दुसरी मिळाली की घोटाळे होतात. एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५ मिलिग्रॅम हे साध्या अ‍ॅम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमइतकं काम करतं. हे ठाऊक नसेल तर कोणी '२.५' आकडा पाहून दोन गोळ्या घेतो, कोणी '५' पाहून अर्धी करतो. दुसरा घोटाळा दोन डॉक्टरांचा. हृदयाच्या डॉक्टरांनी 'एएम' दिलेली, घरच्या डॉक्टरांनी वेगळी अ‍ॅम्लोडिपिन दिलेली, आणि दोन्ही रोज पोटात जातात. दोन वेगळी नावं दिसली तरी आत औषध एकच असू शकतं.

आता मोजण्याबद्दल. दवाखान्यात घाईघाईत घेतलेल्या एका आकड्यावर उन्हाळ्याचा डोस ठरवू नये. घरी दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र असेल तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. सकाळी लघवी करून, चहाच्या आणि गोळीच्या आधी. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, पट्टा उघड्या दंडावर आणि दंड हृदयाच्या उंचीवर टेकवलेला. पाच मिनिटं गप्प बसून मग मोजा, एका मिनिटानं पुन्हा मोजा आणि दोन्ही लिहा. विडी, तंबाखू, चहा यांच्यात आणि मोजण्यात अर्धा तास तरी जाऊ द्या. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. बीपी जास्त मानायची रेघ दवाखान्यात १४०/९० ची, घरी १३५/८५ ची. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वर दिसतो. हात खाली लोंबकळत ठेवला तरी तेच.

उन्हाळ्यात आणखी एक मोजमाप हवं आणि ते जवळजवळ कोणी करत नाही: उभं राहून. पाच मिनिटं बसून मोजा, मग उभे राहा, एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं घसरला तर ती उठताना येणारी चक्कर अशक्तपणाची नव्हे. डोस बघायची वेळ आली आहे. साठीपुढच्या माणसाला मोरीत जाताना तोल जाऊन मांडीचं हाड मोडणं हे बीपी १५० असण्यापेक्षा कमी वाईट नाही. अशा वेळी डॉक्टर बहुतेकदा आधी लघवीच्या गोळीकडे बघतात, ती कमी करतात किंवा दुसऱ्या एखाद्या औषधाचा डोस उतरवतात. सगळी औषधं एकदम बंद होत नाहीत.

ही लघवीची गोळी म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोर्थॅलिडोन. औषध चांगलं, स्वस्त, पण आपल्या उन्हाशी तिचं जमत नाही. ती शरीरातलं सोडियम आणि पाणी बाहेर काढते, आणि घामही तेच काढत असतो. म्हाताऱ्या माणसात, विशेषतः बायकांमध्ये, सोडियम फार उतरलं तर गळून जाणं, मळमळ, चालताना झोकांड्या, असंबद्ध बोलणं असं सुरू होतं आणि घरचे "आजी आता भ्रमिष्टासारखं करतात" म्हणून सोडून देतात. रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासलं की उलगडा होतो. या गोळीवर असताना कोणी असं अचानक बदललं तर त्याच दिवशी तपासणी करा. हायड्रोक्लोरोथायझाइडमुळे कातडी उन्हाला जास्त हळवी होते, म्हणून हातावर, मानेवर काळे-लाल चट्टे उठले तर डॉक्टरांना गोळीचंही नाव सांगा.

जुलाब, उलट्या किंवा ताप येऊन पाणी पोटात टिकत नसेल, तर टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि शुगरची मेटफॉर्मिन व डॅपाग्लिफ्लोझिन ही औषधं मूत्रपिंडाला किंवा शरीराला त्रासाची ठरू शकतात. अशा आजारात ती तात्पुरती थांबवतात आणि खाणंपिणं नीट सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की पुन्हा सुरू करतात. कोणती थांबवायची आणि कोणती मुळीच थांबवायची नाही, हे एप्रिलच्या आधीच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. रात्री अकरा वाजता, जुलाब लागलेले असताना हा निर्णय घरच्यांच्या अंदाजावर सोडू नये.

आता दुखण्याच्या गोळ्या. यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहणाऱ्याच्या पोटऱ्या आणि गुडघे, विड्या वळायला दिवसभर मांडी घालून बसणारीची कंबर, दोन्ही दुखणारच. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या सहज हाताशी येतात, आणि त्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवून बीपी वाढवतात, गोळीचा परिणाम बोथट करतात. टेल्मिसार्टन अधिक लघवीची गोळी अधिक डायक्लोफेनॅक, वर घामानं कोरडं पडलेलं शरीर, ही जोडणी मूत्रपिंड एकाएकी बंद पाडू शकते. तिघींचं कारण वेगळं, मारा एकाच जागी. यकृत ठीक असेल तर साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बरी. तेही कुठल्या गोळीत मिसळलंय ते बघून, कारण "पॅरासिटामॉलचीच आहे" म्हणून मिळणाऱ्या अनेक पट्ट्यांत अ‍ॅसिक्लोफेनॅकही असतं. सर्दीच्या गोळीत फिनाइलएफ्रिन असेल तर तेही बीपी चढवतं. घशासाठी रोज चघळला जाणारा किंवा काढ्यात उकळला जाणारा ज्येष्ठमधसुद्धा. घरगुती आहे म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही, रोज घेतला तर पोटॅशियम उतरवतो आणि दाब वाढवतो.

पाण्याबद्दल. "उन्हाळ्यात ओआरएस पीत जा" हा सल्ला सरसकट दिला जातो आणि तो बीपीवाल्यासाठी बरोबर नाही. एक लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. दिवसभराचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा असावं, असं धरलं तर रोज एक लिटर ओआरएसनं निम्म्याहून जास्त कोटा नुसत्या पिण्यात संपतो. ओआरएस जुलाब-उलट्यांसाठी आणि उन्हात गळून गेलेल्या माणसासाठी. रोजची तहान पाण्यानं, पातळ बिनमिठाच्या ताकानं भागवा. हृदय कमजोर किंवा मूत्रपिंड अधू असेल तर किती पाणी प्यायचं तेही डॉक्टरांनाच विचारा. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंड ठणठणीत असलेल्याला एखादं शहाळं चालतं, पण टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर रोज नको. कमी सोडियमच्या मिठाचंही तेच, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

जेवणात मात्र फार काही सोडायला लागत नाही. शेंगाची चटणी सोडा म्हटलं तर सोलापुरात कोणी ऐकणार नाही, आणि सोडायची गरजही नाही. चटणी घरी कमी मिठात कुटा, आणि ज्या दिवशी ती ताटात असेल त्या दिवशी भाकरी अळणी करा, लोणचं-पापड बाजूला ठेवा.

पाय सुजण्याचा भाग जरा सविस्तर सांगायला हवा, कारण त्यावर चुकीचा उपाय फार होतो. अ‍ॅम्लोडिपिननं घोट्याशी सूज येते, १० मिलिग्रॅमवर जास्त, आणि उन्हाळ्यात ती आणखी दिसते. दोन्ही पायांना, संध्याकाळी वाढणारी, सकाळी उतरलेली. ही सूज शरीरात पाणी साठल्यानं नसते. बारीक रक्तवाहिन्या फुलून पाणी ऊतीत झिरपतं. म्हणून ती उतरवायला लघवीची गोळी घातली तर सूज फारशी जात नाही, चक्कर मात्र पदरी पडते. डोस ५ वर आणणं, जोडीला टेल्मिसार्टन देणं किंवा सिल्निडिपिन या तशाच दुसऱ्या गोळीवर बदलणं असे मार्ग डॉक्टरांकडे असतात. एकच पाय सुजून दुखत असेल, किंवा सुजेबरोबर दम लागत असेल, तर दोष गोळीच्या माथी मारून बसू नका, लगेच दाखवा.

गोळी ठेवायची कुठे? बहुतेक पट्ट्यांवर २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत रात्री आठलाही त्याहून जास्त असतं. गाडीची डिकी, खिडकीची कडी, टीव्हीचा वरचा भाग या जागा बाद. घरातल्या सगळ्यात गार, कोरड्या खोलीतलं भिंतीतलं कपाट बरं. सरसकट फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, आतबाहेर करताना ओल धरते. टेल्मिसार्टनला तर ओल मुळीच चालत नाही. आठवड्याच्या डबीत गोळ्या सोलून भरू नका, पट्टी कात्रीनं कापून तुकडे ठेवा आणि घ्यायच्या क्षणीच फोडा. आषाढीला पंढरपूरला पायी जाणाऱ्यांनीही याच रीतीनं, दिवसांच्या हिशेबापेक्षा पाच गोळ्या जास्त घेऊन निघावं, चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये ठेवावा.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर घराघरांत वाद आहे. ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या टाइम या अभ्यासात हार्ट अटॅक, लकवा आणि मृत्यू यांत दोन्ही वेळांमध्ये फरक आढळला नाही. लघवीची गोळी सकाळी, एवढं सोडलं तर जी वेळ चुकत नाही ती. रात्रपाळीवाल्यांनी घड्याळापेक्षा झोपेतून उठण्याला वेळ बांधावी. एकादशीला गोळी पाण्याबरोबर घ्या, उपास मोडत नाही. रमजानमध्ये सहरी किंवा इफ्तारची वेळ आधी ठरवून घ्यावी. विसरलात तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही.

आकडा १८०/१२० च्या वर दिसला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. छातीत दुखणं, दम, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा दिसेनासं होणं यातलं काही असेल तर १०८ ला फोन. काही त्रास नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. जादा गोळ्या गिळू नका, आणि जिभेखाली बीपीची कॅप्सूल फोडण्याचा जुना उपाय मुळीच नको, दाब एकदम कोसळून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

मूल व्हायचा विचार असलेल्या बाईनं टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल तर ते आधीच सांगावं. गर्भाला या औषधांनी इजा होते, म्हणून ती वेळेत बदलायची असतात. ही औषधं नव्यानं सुरू केली किंवा वाढवली तर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं, पुढे वर्षातून एकदा-दोनदा.

आणि मे महिन्यात डोस कमी केला असेल तर तो चिठ्ठीवर तारखेसह लिहून ठेवा. नोव्हेंबरात पहाटे गारवा सुरू झाला की पुन्हा सात दिवस मोजायचंय. त्या वेळी आकडा वर गेलेला दिसला तर उन्हाळ्यात कमी केलेली गोळी परत आणायची असते, नवी शोधायची नसते.