सासूबाईंच्या खोलीतला हीटर

डोंबिवलीत जन्म काढलेल्या माणसाला पुण्याची पहाट कितीही वर्णन करून सांगा, पटत नाही. सासूबाई गेल्या नोव्हेंबरात कायमच्या आमच्याकडे पाषाणला आल्या त्या एकुलत्या एका स्वेटरसह, तोही डांबरगोळ्यांच्या वासाचा. डिसेंबर लागला आणि पहाटे साडेचारला त्यांच्या खोलीतला दिवा लागायला लागला. बघावं तर गुडघे धरून बसलेल्या. "अगं, पांघरुणात ऊब आहे, पण बाथरूमला जायचं तर बाहेर पडावंच लागतं ना?" दुसरी तक्रार दह्याची. विरजण लावलं की सकाळी दुधाचं दूधच.

पेपरात शिवाजीनगरचं तापमान दहा छापून आलं, तर आमच्या पाषाणला बहुतेक त्याहून कमीच असतं. दुपारी मात्र तीस. त्यामुळे नवऱ्याचं म्हणणं, "महिनाभराचं तर आहे. १९३५ साली पुण्यात १.७ होतं, तेव्हा कुणाकडे हीटर होते?" सासूबाईंनी लगेच माहेरच्या कोळशाच्या शेगडीचं नाव काढलं. तिला मी साफ नाही म्हटलं. बंद खोलीत कोळसा पेटला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग. झोपेतलं माणूस जागं होईलच असं नाही.

मग शेजारच्या काकूंचा ब्लोअर आणला. पाच मिनिटांत खोली गरम, पण आवाज असा की सासूबाई म्हणाल्या, गिरणीत झोपल्यासारखं वाटतंय. तिसऱ्या रात्री प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. मोठ्या पिनांचा प्लग लहान सॉकेटात बसवणारा कन्व्हर्जन प्लग लावून मी तो पलंगामागच्या साध्या एक्स्टेन्शन बोर्डात खुपसला होता. प्लग काढला तर हाताला चटका बसला, आणि बोर्डावर पिनांभोवती तपकिरी वर्तुळ. चूक माझीच. दोन हजार वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर ओढतो, आणि तो बोर्ड सहाचा.

म्हणजे हीटर कुठला, याच्याआधी तो लावायचा कुठे हे ठरवायला हवं होतं. त्या खोलीत सोळा अँपिअरचा पॉइंट एकच, तोही एसीचा, छताजवळ. तेव्हा म्हटलं, एसीच गरम हवा का देऊ नये? हॉट अँड कोल्ड एसी बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणतो, त्यामुळे एका युनिटमागे तीन युनिटांच्या आसपास उष्णता मिळू शकते. विजेच्या हिशोबाने त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण मेकॅनिक आमचा एसी बघून म्हणाला, "ताई, याला रिव्हर्सिंग व्हॉल्व्हच नाही, हा फक्त थंड करणार." चांगला चालणारा एसी दीड महिन्याच्या थंडीसाठी बदलणं जिवावर आलं.

दुकानात गेले. हॅलोजनचा हीटर समोर बसलं तर लगेच ऊब देतो, पण लाल उजेड रात्रभर डोळ्यांवर, आणि गोधडी त्याच्यावर सरकली तर? उरला ऑइल रेडिएटर. विक्रेता म्हणे, "मॅडम, यात तेल असतं ना, म्हणून वीज निम्मी लागते." हे खरं नाही. एक युनिट वीज ब्लोअरमध्ये घाला नाहीतर तेलात, उष्णता तेवढीच मिळते. फरक एवढाच की रेडिएटर आवाज करत नाही, उजेड पाडत नाही, थर्मोस्टॅटवर आपला आपण बंद होतो आणि बंद झाल्यावरही बराच वेळ गरम राहतो. तापायला मात्र अर्धा-पाऊण तास घेतो. सासूबाईंचा प्रश्न माझ्यापेक्षा व्यवहारी होता: "तेल कधी बदलायचं?" ते आत सीलबंद असतं, जळत नाही, बदलायचंही नसतं.

पैसे भरण्याआधी सुचलं म्हणून भिंतीवरचा थर्मामीटर घेतला आणि दोन खोल्यांत फिरवला. पहाटे सासूबाईंच्या उत्तरेच्या खोलीत सतरा, मुलाच्या दक्षिणेच्या खोलीत साडेएकोणीस. थंडीत सूर्य दक्षिणेकडून कलतो, ऊन त्या खिडकीतून थेट पलंगापर्यंत येतं. दिवसभर भिंती तापतात. उत्तरेच्या खोलीला ऊन नाही, वर गच्ची, आणि स्लायडिंगच्या फटीतून वारा इतका की उदबत्तीचा धूर आडवा जायचा. मुलाने दोन दिवस तोंड फुगवलं, पण खोल्या बदलल्या. खिडकीच्या फटींना बोहरी आळीतून आणलेल्या फोमच्या पट्ट्या चिकटवल्या आणि सूर्य मावळायच्या आत खिडक्या बंद करायचा नियम केला.

एवढं झाल्यावर अडीच हजार वॅटच्या रेडिएटरला एक हजारावर ठेवूनही भागलं. वायरमनकडून मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर ओढून खाली सोळाचा पॉइंट करून घेतला. पहाटे चार ते सात चालवतो, म्हणजे रोज फार तर तीन युनिट, महिन्याला नव्वद. आमचा एरवीचा वापर एकशेसत्तर-ऐंशीचा, त्यामुळे महावितरणचा दर जिथे वाढतो त्या तीनशे युनिटांच्या टप्प्याच्या आतच राहिलो. ब्लोअर रात्रभर चालवला असता तर तो टप्पा महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच ओलांडला असता.

जानेवारीत एकदा साडेपाचला डोकावले. सासूबाई गाढ झोपलेल्या. रेडिएटरपासून हातभर अंतरावर, स्टुलावर, टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं. झाकण उचलून पाहिलं, दही सुरीने कापावं असं लागलं होतं.