मेंढरांचा आवाज

शनिवार, रात्र

शब्बाथ, आम्हा यहुद्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपला, दिवा लावला आणि वही उघडली. सकाळपासून मनात एकच शब्द घोळतोय, 'शामा'.

पुरीम सणाच्या आधीचा शनिवार, म्हणून आज मशिदीत (आमच्या सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो) शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय वाचला. इस्राएलांचे शत्रू असलेल्या अमालेकांचं काहीही मागे ठेवायचं नाही, गुरंढोरंसुद्धा नाहीत, अशी आज्ञा होती. शौल राजा जिंकून परततो आणि शमुवेल संदेष्ट्याला सांगतो, परमेश्वराची आज्ञा मी पाळली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानांवर हा मेंढरांचा आवाज कसला येतोय?

मेंढरांच्या आवाजाला तिथे जो हिब्रू शब्द आहे, 'कोल', तोच परमेश्वराच्या वाणीलाही आहे. शेवटी शौल कबूल करतो, मी लोकांना भ्यालो आणि त्यांचा 'कोल' ऐकला. आज्ञा पाळणे म्हणजे 'शामा', ऐकणे. मराठी माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. "पोरगा ऐकत नाही" म्हणताना त्याच्या कानांबद्दल कोण बोलतं? आजी उजवा हात डोळ्यांवर ठेवून 'शेमा इस्राएल', म्हणजे 'हे इस्राएला, ऐक', ही प्रार्थना म्हणायची आणि हात खाली येताच आम्हाला दटावायची, "आता तरी ऐका!" कोकणात आमच्या बेने इस्राएल पूर्वजांजवळ तोरा, आमचा धर्मग्रंथ, उरली नव्हती, हिब्रूही विसरली होती. पण शेमा ओठांवर राहिला आणि शनिवारी घाणा बंद राहिला. गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं ते त्यामुळेच.

या अध्यायातली आज्ञा मात्र मला दरवर्षी बोचते. तिच्यात तान्ही मुलंही येतात. तालमूद या आमच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या योमा भागात शौलाच्याच तोंडी हा प्रश्न घातलाय: मोठ्यांनी पाप केलं, लहानग्यांनी काय केलं? म्हणजे हा सल आपल्या माणसांनाही होता, याचा मला आधार वाटतो. पण शौलाने वाचवलं कुणाला? अमालेकांच्या अगाग राजाला आणि धष्टपुष्ट जनावरांना. बाळांसाठी त्याचं मन द्रवलं असतं, तर मी आज त्याच्या बाजूने उभी राहिले असते. वर तो म्हणतो, ही मेंढरं यज्ञासाठीच ठेवलीत. त्यावर शमुवेल म्हणतो, यज्ञापेक्षा ऐकणं बरं.

इथे मी आज अडकले. गुरुवारी सुतारकाका दारात आले होते. "ताई, आहात का? दीड हजार राहिलेत." मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू. तेव्हा कपाटात एकवीसशे रुपयांचं पाकीट होतं, पुरीमसाठी मशिदीला द्यायचं. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी दे, हे तोरातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. अमालेकाची आठवण ठेव, हे पुढच्याच, पंचविसाव्या अध्यायात. आज सेफर तोरातून, म्हणजे तोराच्या हस्तलिखित गुंडाळीतून, ते वाचताना मी आदराने उभी होते. कानात मात्र "ताई, आहात का?" एवढंच येत राहिलं.

अंधार पडून शब्बाथ उतरल्यावर पाकीट घेऊन मी सुतारकाकांच्या घरी गेले. जेवायला बसले होते. हात धुऊन बाहेर आले. "एवढ्या रात्री कशाला आलात, सोमवारी चाललं असतं," म्हणाले. पैसे घेऊन दोनदा मोजले. चाललं नसतं, हे त्या मोजण्यातच कळलं. मी माफी मागितली.

पाकिटात सहाशे उरलेत. मशिदीला तेवढेच देईन.